धोकादायक कोण, आणि कुणाला?

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तीत जमिनीचे कागद नाहीत, कारण जमीन नाही. रेशन कार्ड, जातीचे प्रमाणपत्र, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि थोरल्या चुलत्यांचा दवाखान्यातला जुना केसपेपर, एवढाच तिच्यातला ऐवज. चुलत्यांना आम्ही आबा म्हणतो. मोठीमायने तो केसपेपर बरीच वर्षे जपून ठेवला, कारण त्यावर औषध लिहिले आहे एवढेच तिला ठाऊक होते. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात, आमच्या घरात, इंग्रजी वाचणारा मी पहिला. बी.ए.ला असताना तिने तो कागद माझ्या हातात दिला. औषधांची नावे होतीच. पण त्यांच्या वर तांबड्या शाईने, खाली रेघ ओढून, एक शब्द लिहिला होता : ‘व्हायलंट’. म्हणजे हिंसक. आणि पुढे एक ओळ : मालकाच्या मुलावर विळा उगारला.

ते खोटे नव्हते. २००४ साली आबांनी विळा उगारला होता. पण आबा त्या घरी सालगडी होते, सालाचा हिशेब दोन वर्षे मिटलेला नव्हता, उचलीवर व्याज चढत होते, आबांना तीन आठवडे झोप नव्हती, ते लिंबाच्या झाडाशी बोलत होते, आणि त्या दिवशी मालकाच्या मुलाने त्यांना जातीवरून शिवी दिली होती, हे त्या कागदावर कुठेच नव्हते. विळा लिहिला गेला, शिवी लिहिली गेली नाही. ज्याने हकीकत सांगितली त्याच्याच बाजूने कागद बोलत होता, आणि हकीकत सांगायला आबांबरोबर मालकाची माणसे गेली होती.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. गोळ्यांनी आबा सावरले. त्यांनी पुन्हा कुणावर हात उगारला नाही. पण गावात कुठे चोरी झाली, कुणाची कडब्याची गंजी पेटली, की जमादार आधी आमच्या दारात. काही वर्षांनी आबांना ताप आला, तापात बडबडू लागले. दवाखान्यात नेले, जुना केसपेपर पाहिला गेला, आणि तपासणीच्या आधी त्यांचे हात पट्टीने खाटेला बांधले गेले. ताप कशाचा हे दुसऱ्या दिवशी कळले. ती रात्र आबांनी बांधलेल्या हातांनी काढली.

हा लेख आबांची कैफियत मांडण्यासाठी लिहिलेला नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाकडे पाहून ‘हा उद्या हिंसा करील काय?’ असा प्रश्न आगाऊ विचारावा काय, विचारला तर कुणी, कशासाठी, आणि उत्तराचे पुढे काय करावे, हा प्रश्न जगभरच्या मानसोपचारात गेली पन्नास-साठ वर्षे चर्चेत आहे. आपल्या चळवळीत मात्र त्याची चर्चा जवळजवळ झालेली नाही. माझ्या मते हा आपला प्रश्न आहे. कारण ‘हा माणूस पुढे गुन्हा करील’ असे आगाऊ ठरवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग या देशात आपल्याच माणसांवर झाला आहे.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. एखाद्याने काय केले हे पाहण्याची गरजच उरली नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे झाले. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातील वसाहत हे सारे त्यातून आले. सोलापूरची सेटलमेंट आजही लोकांच्या स्मरणात आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एका ओळीत उभे केले, आणि ज्या संस्कृतीने हे तीन वर्ग जन्माला घातले तिलाच जाब विचारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण संशय विमुक्त झाला नाही. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, तेव्हा मराठी मध्यमवर्गाला प्रथम कळले की, चोरी न करताही चोर म्हणून जगावे लागते म्हणजे काय. १९८१ च्या एमपीडीए कायद्यात तर ‘धोकादायक व्यक्ती’ असा एक वर्गच आहे. त्याखाली खटल्याशिवाय माणूस स्थानबद्ध करता येतो. तडीपारी आणि चॅप्टर केस हे शब्द वस्तीतल्या पोरांना शाळेच्या आधी कळतात. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सांगावे लागले की, तुरुंगाच्या नियमावलीतून जातीवर आधारलेली कामाची विभागणी आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर!

आता मानसिक आजाराच्या कायद्याकडे वळू. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यात ‘वेडामुळे धोकादायक’ माणसाला पोलिसांनी पकडावे अशी तरतूद होती. १९८७ च्या कायद्यात वेड जाऊन मानसिक आजार आला, ‘धोकादायक’ राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मोठी झेप घेतली, हे मान्य केले पाहिजे. या कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, कुणाची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती, किंवा एखाद्या सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गटातील त्याचे असणे, यांवरून मानसिक आजार ठरवता येणार नाही. समाजातील रूढ नैतिक वा धार्मिक समजुतींशी न जुळणे हाही आजाराचा पुरावा नाही. कलम १०० प्रमाणे पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या अशा माणसाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावे लागते.

परंतु याच कायद्याचे कलम ८९ वाचावे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याला दाखल करण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत त्याने नुकतीच हिंसा केली असणे हे एक आहे. ते समजण्यासारखे आहे. पण त्याच वाक्यात पुढे आणखी एक कारण आहे : त्याच्यामुळे दुसऱ्या व्यक्तीला शारीरिक इजेची भीती वाटत असणे.

मी या ‘भीती’पाशी थांबतो. भीती कुणाला वाटते? आणि कुणाची भीती कागदावर चढते? मराठवाड्याच्या खेड्यात भीतीसुद्धा सारखी वाटलेली नाही. आमच्या वस्तीतला माणूस मान वर करून बोलला तरी गावाला भीती वाटते. गावाची भीती मात्र आम्हाला वाटते, तिला कुणी आजार म्हणत नाही, हिंसाही म्हणत नाही. तिला रीत म्हणतात. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा खून झाला. वस्त्या जाळणारे जमाव शहाण्या माणसांचे होते. संसार करणारे, शेती करणारे, सणवार पाळणारे. त्यांच्यापैकी कुणाच्या कपाळावर तांबड्या शाईने काही लिहिले गेले नाही. हिंसेचे मूळ शोधायला आपण मनोरुग्णाच्या डोक्यात शिरतो, आणि गावाच्या वेशीत शिरत नाही. ही केवळ चूक नाही, ही सोय आहे.

कुणी म्हणेल, हे भावनेचे बोलणे झाले. आता शास्त्र पुढे गेले आहे, डॉक्टरच्या लहरीवर काही ठेवलेले नाही, तक्ते आहेत, गुण आहेत. तेव्हा तक्तेच पाहू. कॅनडात १९९० नंतरच्या दशकात तयार झालेले दोन तक्ते जगभर वापरले जातात. व्हीआरएजी या तक्त्यात आधीच्या गुन्ह्यांबरोबर हेही विचारतात : सोळा वर्षांपर्यंत आई आणि बाप दोघांजवळ वाढला काय? प्राथमिक शाळेत जुळवून घेता आले काय? लग्न झाले आहे काय? दुसऱ्या, म्हणजे एचसीआर-२० या तक्त्यात वीस मुद्दे आहेत. त्यांत नोकरीधंद्यातील अडचणी आणि नातेसंबंधांतील अस्थिरता यांचा समावेश आहे.

हे प्रश्न आता लातूरच्या रेल्वे स्टेशनवर झोपणाऱ्या एखाद्या पोराला विचारा. आईबाप सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला; पोर आजीजवळ. प्राथमिक शाळेत त्याला मागे बसवले म्हणून तो पळून गेला. धंदा नाही. लग्न कोण देणार? त्याने अद्याप कुणाला चापटही मारलेली नसेल, पण त्याच्या खात्यावर धोक्याचे गुण जमू लागले. समाजाने त्याचे जे केले तेच त्याच्या धोक्याचा पुरावा म्हणून मोजले जाते. तक्ता जात विचारत नाही, हे खरे. त्याला विचारण्याची गरज पडत नाही.

हा आक्षेप माझ्या एकट्याचा नाही. कॅनडातच, एका आदिवासी कैद्याने असेच तक्ते आपल्या लोकांवर तपासून पाहिलेले नाहीत म्हणून दाद मागितली, आणि २०१८ मध्ये एव्हर्ट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली : जे साधन आदिवासींच्या बाबतीत अचूक आहे की नाही हे तुरुंग खात्याने पाहिलेच नाही, त्यावर विसंबून त्याने कायद्याने घातलेले कर्तव्य मोडले. अमेरिकेत तर याच्याही मागचा इतिहास आहे. १८५१ साली कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामाच्या पळून जाण्यालाच एक आजार ठरवून त्याला नाव दिले होते. पुढे जोनाथन मेट्झल यांनी मिशिगन राज्यातील आयोनियाच्या मनोरुग्णालयाचे जुने कागद तपासले. त्यांना दिसले की, १९६०-७० च्या दशकात स्किझोफ्रेनियाचे चित्रच बदलले. पूर्वी जो आजार गोऱ्या गृहिणींचा मानला जाई तो संतापलेल्या काळ्या पुरुषाचा झाला. ज्या ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या काळातली ही गोष्ट. बंड आणि आजार यांतली रेघ कोण ओढतो, हे आपण विसरता कामा नये.

आता साधा हिशेब करू. समजा, एक हजार रुग्ण आहेत आणि त्यांपैकी वीस जण वर्षभरात गंभीर हिंसा करणार आहेत. समजा, आपला तक्ता चारांपैकी तीन वेळा बरोबर उत्तर देतो. मग वीसपैकी पंधरा सापडले. उरलेल्या नऊशे ऐंशींपैकी एक चतुर्थांश, म्हणजे दोनशे पंचेचाळीस, निर्दोष असून अडकले. पंधरा खऱ्यांसाठी दोनशे पंचेचाळीस खोटे, आणि पाच निसटले ते निसटलेच. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. पण प्रत्यक्ष अभ्यासाची दिशा याहून वेगळी नाही. २०१२ साली सीना फाझेल आणि सहकाऱ्यांनी तेरा देशांतील चोवीस हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली. तक्त्यांनी ज्यांना मध्यम किंवा अधिक धोक्याचे ठरवले त्यांच्यापैकी सुमारे ४१ टक्क्यांनीच पुढे हिंसा केली. उलट, कमी धोक्याचे ठरवलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के तसेच राहिले. म्हणजे कुणाला मोकळे करावे हे तक्ता बऱ्यापैकी सांगतो. कुणाला बांधावे हे सांगताना तो निम्म्याहून अधिक वेळा चुकतो. आपल्याकडे मात्र तो बहुधा बांधण्यासाठीच आठवतो. आणि आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तक्ताही बहुधा नसतो. असते ती नजर, आणि सोबत आलेल्या माणसाचे बोलणे.

इथपर्यंत लिहून मी लेख मोठीमायला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘लेका, तू लिव्हलास ते समदं खरं हाय. पर त्या राती म्या इळा अन् कुऱ्हाड शेजारच्या घरी नेऊन ठिवली व्हती. लेकरं बी तिकडंच झोपविली व्हती. ते बी लिव्ह.’’

ते लिहिले पाहिजे. नाहीतर हा लेख अर्धवट राहील, आणि अर्धवट राहिलेला भाग बाईचा असेल. आजारी माणसाच्या हिंसेचा पहिला घाव मालकाच्या मुलावर पडत नाही. घरातल्या बाईवर पडतो. आपण ‘संशय घेऊ नका’ म्हणून घोषणा देतो तेव्हा रात्र तिला काढायची असते.

तारासॉफ खटल्याचीही आठवण येथे केली पाहिजे. जगभरच्या मानसोपचारात ‘धोका ओळखा आणि इशारा द्या’ हे कर्तव्य ज्या खटल्यातून आले तो हा खटला. त्यातला आरोपी पोद्दार हा बंगालमधल्या अस्पृश्य कुटुंबात जन्मलेला विद्यार्थी होता. शिकत शिकत तो १९६७ साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात पोहोचला. एका मुलीचा त्याला ध्यास लागला. उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला त्याने तिला मारण्याविषयी सांगितले. त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, तो शुद्धीवर दिसला म्हणून सोडून दिले. मुलीला वा तिच्या घरच्यांना कुणीच काही सांगितले नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने तिचा खून केला. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अशा वेळी धोक्यात असलेल्या व्यक्तीचे रक्षण करणे उपचारकाचे कर्तव्य आहे. तो आपला होता म्हणून त्या मुलीचा जीव हलका होत नाही. तिला सांगायला हवे होते. आपल्या २०१७ च्या कायद्यातील कलम २३ हेच सांगते : रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, पण दुसऱ्याला इजेपासून वाचवण्यासाठी आवश्यक असेल तेवढीच, आणि केवळ तेवढीच, सांगता येईल.

तेव्हा प्रश्न विचारूच नये, असे माझे म्हणणे नाही. मोठीमायनेही तो प्रश्न रोज विचारला होता. तिचा तक्ता वेगळा होता. आबा किती रात्री झोपले नाहीत? भाकरी खाल्ली काय? गोळी घेतली काय? आज शेतात कुणी काही बोलले काय? हे चारही प्रश्न बदलता येण्याजोग्या गोष्टींचे आहेत. उत्तर वाईट आले तर ती विळा हलवत होती, लेकरे हलवत होती, आबांच्या उशाशी बसत होती. आबांना ती घराबाहेर काढत नव्हती. आणि आबा सावरले त्या दिवशी विळा पुन्हा आपल्या जागी आला. कागदावरचा शब्द मात्र जागचा हलला नाही. फरक आहे तो येथे. एका प्रश्नाच्या पोटी सांभाळण्याची जबाबदारी आहे. दुसऱ्याच्या पोटी पहारा आहे.

यावरून माझ्या मते काही गोष्टी ठामपणे मागता येतील. धोक्याचा अंदाज नुकत्याच घडलेल्या कृतीवर असावा; जात, वस्ती, बेकारी यांवर नव्हे. नोंदीवर तारीख असावी आणि काही काळाने ती तपासून काढून टाकण्याची सोय असावी; पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून माणूस आजही आजारी ठरत नाही, हे कलम ३ च सांगते, मग पूर्वी विळा उगारला एवढ्यावरून तो आजही हिंसक कसा? नोंदीत शिवीही लिहिली जावी, सालाचा हिशेबही लिहिला जावा. रुग्णाला आणि त्याच्या घरच्या बाईला वेगळे बसवून विचारले जावे. मालकाच्या माणसाची हकीकत ही एकमेव हकीकत ठरू नये. आणि ज्याला धोक्याचा ठरवले त्याच्यावर उपचाराचा पहिला हक्क निर्माण झाला पाहिजे. नाहीतर काय होते? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये, चारही मराठवाड्याबाहेर. ज्याला गोळी देता येत नाही त्याच्यावर शिक्का मारणे हे कसले शास्त्र? २००१ साली तमिळनाडूतील एरवाडीत साखळीने बांधलेली अठ्ठावीस माणसे आगीत जळून मेली. ती कुणाला धोकादायक होती म्हणून बांधली होती. जळाली ती स्वतः.

आजवर आबांचा शिक्का पत्र्याच्या पेटीत होता. आता आरोग्याच्या नोंदी संगणकावर जोडणारी आभा योजना २०२१ पासून देशभर आली आहे. ती रुग्णाच्या संमतीने चालते, असे सांगितले जाते. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती म्हणजे अंगठा, हे आपण शाळेच्या पटापासून सावकाराच्या वहीपर्यंत पाहिले आहे. म्हणून कार्यकर्त्यांना आणि माझ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे : २०१७ च्या कायद्यातील कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपल्या उपचाराची नोंद पाहण्याचा हक्क आहे. वस्तीत ज्यांच्या घरी असे केसपेपर आहेत त्यांच्या घरी जा. कागद वाचून दाखवा. चूक असेल तर अर्ज लिहून द्या, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापर्यंत जा. शिकलेल्यांनी आपल्या माणसांसाठी करायचे एवढे साधे काम हे आहे.

मी आबांसाठी तो अर्ज लिहिला आहे. त्यात सालाचा हिशेब लिहिला, शिवी लिहिली, तापाची रात्र लिहिली. मोठीमायच्या सांगण्यावरून शेजारच्या घरी ठेवलेली कुऱ्हाडही लिहिली. आबांनी तो ऐकला, अंगठा लावला आणि एवढेच विचारले, ‘‘आता तरी हात बांधणार न्हाईत नव्हं?’’ त्यांना काय उत्तर द्यावे हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.